जेरार्डचं ‘नाही’

सन्माननीय अध्यक्ष बोल्यूसाहेब, व्यासपीठावरील नगराध्यक्षा आणि पाद्रीमहाशय, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या ग्रंथपाल क्लॉडेटबाई मिशो, आणि एवढ्या बर्फातून वाट काढत आलेले माझे गाववाले,

मी नोर्मा पेल्की. कागद गिरणीत रिळं गुंडाळण्यात माझा जन्म गेला. तिथल्या आवाजात आम्ही हातवाऱ्यांनीच बोलायचो. त्यामुळे माइकसमोर जरा अवघडल्यासारखं होतंय.

गिरणी बंद झाली त्या हिवाळ्याचा विषय आज काढू नये, असं काहींचं मत पडलं. पण तो वगळला तर क्लॉडेटबाईंबद्दल बोलायचं काय? पुस्तकांबद्दल? आमच्यातल्या किती जणांनी तोवर पुस्तक हातात धरलं होतं?

बेकारी भत्ता मंजूर झाला तरी दर आठवड्याला संगणकावर नव्याने मागावा लागायचा. आमचं ते रविवारचं काम. घरातलं इंटरनेट तर सगळ्यात आधी गेलेलं. त्यात बोल्यूसाहेबांच्या समितीनं शेगडीच्या तेलाचा खर्च वाचवायला वाचनालय रविवारी बंद ठेवायचं ठरवलं. अध्यक्षमहाशय, पुढचं वाक्य ऐकलं नाहीत तरी चालेल. बाई स्वतःच्या किल्लीनं दार उघडायच्या. शेगडी बंद. आम्ही कोट घालून, बोटं कापलेले हातमोजे चढवून रांगेत बसायचो.

प्रश्न ठरलेले. काम शोधलंत का? आलेलं नाकारलंत का? आठवडाभर रोज कामाला जाऊ शकला असतात का? आम्ही न वाचताच उत्तरांची बटणं दाबायचो.

जेरार्ड सूसी वाचायचा. त्याची बायको इव्हेट तेव्हा आजारी होती. एका बुधवारी तो तिला उपचारांसाठी बँगोरच्या इस्पितळात घेऊन गेला, आणि रविवारी त्या शेवटच्या प्रश्नाला त्यानं ‘नाही’ दाबलं. भत्ता थांबला. त्या आठवड्याचा नव्हे, सगळाच.

आम्ही त्याला वेड्यात काढलं. पुढच्या खेपेला मुकाट्यानं ‘हो’ दाब, असं मीही सांगितलं. त्यानं बाईंना विचारलं, “तुम्हीच सांगा, काय दाबू?”

बाई म्हणाल्या, “खरं असेल ते दाबा. दाद मागू आपण.”

मागे आमच्या गिरणीतला लिओ बसला होता. तो म्हणाला, “पगार चालू असला की खरं बोलणं परवडतं, बाई.”

मला वाटतं, ते बाईंना लागलं.

दाद मागितली, पण सुनावणी काही लागेना. बँगोरच्या खेपा चालूच. पैसे येत नव्हते तरी दर रविवारी मागणी नोंदवावीच लागे, नाहीतर मागचे आठवडेही बुडाले असते. जेरार्ड यायचा, दाबायचा, जायचा. कुणी बटाटे पोचवले, कुणी लाकडं. त्यानं नको म्हणणंही सोडून दिलं होतं.

अखेर सुनावणी झाली, फोनवर, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. साक्षीला बाई आणि मी. बाईंनी सांगितलं, हा माणूस काम शोधतो, माझ्यासमोर अर्ज करतो. मग अधिकाऱ्यानं जेरार्डला विचारलं, “त्या बुधवारी कामावर बोलावलं असतं, तर गेला असतात का?”

बरोबर उत्तर आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघून ‘हो म्हण’ अशी मान हलवली. बाईंनी हलवली नाही.

जेरार्ड म्हणाला, “नाही साहेब. तिला एकटीला सोडून गेलो नसतो. बाकी कुठल्याही दिवशी बोलवा, येतो.”

निकाल आला. बँगोरला गेल्याचे आठवडे गेले, उरलेले मिळाले. जिंकला म्हणावं की हरला, मला अजून कळलेलं नाही. काम तर मिळालं नाहीच. उन्हाळ्यात भत्त्याची मुदतही सरली. तरी पुढच्या रविवारी तो आला आणि संगणकासमोर बसून राहिला. बाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“आज काही दाबायचं नाही, जेरार्ड,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “घरी बसवेना.”

मग दोघं तशीच बसून राहिली. आमचे नोकरीचे अर्ज आवरेपर्यंत बाई उठल्या नाहीत.

क्लॉडेटबाई, गावाच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. समितीचेही आभार, शेवटी त्यांनी शेगडी पेटवू दिली. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पोटात घाला. आणि एक क्षमा वेगळी मागायची आहे. ही गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, असं मला बजावलं होतं. इव्हेट, तिसऱ्या रांगेतून डोळे वटारू नकोस. केस पुन्हा छान आलेत तुझे.