गोठ्याच्या खिडक्या

माझे बाबा आणि माझे जर्मन सासरे, दोघांचाही जन्म गुरांत गेलेला. मला वाटलं, यांचं तरी जमेल!

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांचा पाय मोडला, म्हणून आम्ही स्टुटगार्टहून त्यांच्या गावी मदतीला गेलो. कराडहून आलेले बाबाही सोबत होते. बाहेर गुडघाभर बर्फ आणि गोठ्याच्या खिडक्या सताड उघड्या. "मुकी जनावरं गारठतील की गं!" म्हणत बाबांनी सगळ्या लावून टाकल्या, फटींत गोणपाटही कोंबलं.

सकाळी दोन वासरं खोकायला लागली. सासरे कुबड्यांवर आले, एकेक खिडकी उघडत मला म्हणाले, "त्यांना सांग, गाईंना थंडी चालते, कोंडलेली हवा नाही."

मी सांगितलं. खोकला थांबेपर्यंत बाबा रोज वासरांपाशी बसून राहिले.

वासरं बरी झाली त्या सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो, तर सासऱ्यांनी नेहमीसारखी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "लुफ्टेन!" म्हणजे हवा खेळू दे. बर्फाळ वारा थेट बाबांच्या अंगावर.

बाबांनी मफलर आवळला. "व्याह्यांना सांग, मी गाय नाही."

मी सांगितलं. आणि पाच हिवाळे माझ्या विनवण्यांनीही न लागलेली ती खिडकी सासऱ्यांनी निमूट लावली.