दवाखान्यात आलेलं गुग्गुळाचं रोप

नांदेडच्या हाडांच्या दवाखान्यात तनुजा झोपलेलं लेकरू मांडीवर घेऊन सासूच्या एक्सरेची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याच्याही मांडीवर एक कुंडी होती आणि कुंडीत करंगळीएवढं रोप.

“अवं, झाडाला दवाखान्यात कोन आनतं?” म्हातारी कुरकुरली.

“घरी ठिवलं तर सूनबाई पानी घालती. लई मायाळू हाय. आदीची समदी रोपं तिच्या मायेनंच सडली.”

“मंग घालू द्या की पानी.”

“वाळवंटातलं झाड हाय, सिंधे. गुग्गुळ. ओंजळभर बिया पेरल्या तवा हे एक उगवलं. ह्याच्या डिंकानं तुजे गुडघे बरे हुतील.”

“कवा?”

“धा वर्सांनी डिंक येतो.”

“आन् तवर मी रांगू?”

“तवर शेकू की.”

“न्हाई. डाक्टर उजव्या गुडघ्याचं आपरेशन करू म्हनले, मी आज व्हय म्हननार.”

म्हाताऱ्यानं कुंडी पंख्याच्या वाऱ्यापासून आडोशाला घेतली. तनुजाचा हातही आपसूक लेकराच्या टाळूवर गेला.

“तू बरी झालीस तर ह्यानं कुनासाठी वाढायचं?”

“रडू नका, लोक बघत्यात.”

“लई कष्टानं उगवलंय गं.”

आतून नर्सनं हाक मारली, “सिंधुबाई!”

बाई भिंतीला धरून उठली आणि जाता जाता कुंडीवर हात ठेवून रोपाला म्हणाली,

“डावा गुडघा तुज्यासाठी राखून ठिवते. पर बाबा, जरा बिगीबिगी वाढ.”