यशवंताची लाथ

माझा जन्म शेणवा गावाच्या पलीकडचा, डोंगराच्या अंगाला. आमी मूळचे भातवाले. भात झोडून झालं की खळं मोकळं व्हायचं, शेनानं सारवलेलं, गुळगुळीत, आन् त्याच्यावर आमची कबड्डी. आई बोंबलायची, मेल्यांनो माझं सारवन उखडलंत, पन ऐकतंय कोन. तितंच खेळ अंगात भरला. पुढं तालुक्याला खेळलो, जिल्ह्याला खेळलो, मग गुडघा गेला आन् मुरबाडला पाइपाच्या कारखान्यात चिकटलो. तवापासून मी मुरबाडचाच. तुमी विचारलं कोच कसा झालास, तर काय सांगू तुमाला, लंगडा झालो म्हनून झालो. धावता येत असतं तर कोन कडंला उभा राहून वरडला असता.

आमचा कारखान्याचा संघ हाय. म्हंजे कसं, पोरं पगारावर. कागदावर कामगार, सकाळी मैदान, दुपारून मशीनवर, आन् स्पर्धा आली की छातीवर कंपनीचं नाव. खेळलास तर काम, नाय तर घरी. हे लोकांना कळत नाय, त्यांना वाटतं मजा हाय, खेळायचा पगार. अरे बाबा, गुडघा फिरला की पगार पन फिरला, माझ्याकडं बघा. माझं नशीब म्हनून मोठ्या मालकानं ठेवून घेतलं.

आमचा जुना संघ नावाजलेला होता. कल्याणपातूर लोक आमाला भ्यायचे. मग एकाच वर्षी सगळं उसवलं. दोघांना बँकेनं उचललं, एक पोलिसात गेला, दोघं मुंबईच्या संघात. मी कोनाला अडवलं नाय, पोराचं भलं होतंय तर आपून कोन. पन मैदानात गेलो तर चुना मारलेल्या रेघा आन् मी. तवा मोठे मालक थकले होते, कारभार त्यांच्या मुलाकडं, धाकट्या साहेबांकडं. साहेब मानूस वाईट नाय हां, माझ्या ऑपरेशनला स्वता उभा राह्यला होता. त्यांनी बोलावलं, म्हनले दत्तूभाऊ, संघ परत उभा करा, तीन वर्षं देतो, तिसऱ्या वर्षी कप पायजे, नाय तर बंद करू, मला पन मोठ्या मालकांना काय तरी दाखवावं लागतं. मी म्हनलो बरं. दुसरं काय म्हननार.

पोरं गोळा केली ती डोळखांबची, मुरबाडच्या वरच्या पाड्यांवरची. ताकद हाय, दम हाय, पन आवनी, म्हंजे भाताची लावनी, आली की गायब. सराव चालू आन् निम्मा संघ चिखलात. साहेब चिडले, म्हनले भाऊ ही काय टीम हाय. मी निघालो एकाला आनायला डोळखांबला, गेलो तर त्याची आई म्हनली, एवढं शेत लावून घ्या आन् न्या पोराला. लावलं की मग. लंगड्या पायानं दिवसभर आवनी केली. पन फुकट नाय गेली. तितं यशवंत दिसला. शेजारच्या शेतात, डोक्यावर रोपांचा भारा, आन् बांधावरून बांधावर असा ढांगा टाकीत चाललेला की मी हातातली रोपांची मूठ तशीच धरून बघत राह्यलो. ह्या पायाची लाथ कुठवर जाईल, एवढंच डोक्यात. त्याच्या घरची मंडळी कातकऱ्यांसंगं जंगलात जानारी, मोह वेचनारी, त्यांना कबड्डीचा पगार पटेना. त्याची थोरली बहीन माहेरी आली होती, ती म्हनली जाऊ दे त्याला. तिच्यामुळं आला.

पयल्या वर्षी आमी सगळ्यांकडून हरलो. सगळ्यांकडून. साहेब विचारायचे, भाऊ, काय प्रगती? मी म्हनायचो, साहेब, पोरं दुसऱ्या दिवशी मैदानात आली. ते हसायचे. पन मला म्हाईत होतं ना, आधीच्या महिन्यात हरलं की दोन पोरं घरी पळायची, आता नाय पळत. हे कोनाला दाखवनार? कपाटात ठेवता येत नाय. मग दुसऱ्या वर्षी हरलो तरी थोडक्यात हरलो, आन् एकमेकांना शिव्या द्यायचं बंद झालं. त्या वर्षी मी बायकोला पेढे आनून दिले, ती म्हनली जिंकलात काय, मी म्हनलो नाय गो, हरलोच, पन चांगलं हरलो. ती म्हनली तुमचं डोकं फिरलंय.

आन् यशवंत. त्याला मी एकच गोष्ट शिकवली, लाथ. चढाईला जायचं, म्हंजे एकट्यानं समोरच्यांच्या हद्दीत घुसून कोनाला तरी शिवून परत यायचं. हातानं सगळेच शिवतात. ह्याचा पाय असा फिरायचा की कोपऱ्यात उभा असलेल्याला कळायच्या आत बोटं लागून गेलेली. दोन वर्षं तेच घासलं. मी त्याला शिव्या घातल्या, उपाशी ठेवला, जेवायला घरी पन नेला. पोरगा नाय मला, दोन्ही मुलीच, लग्नं झाली. तुमी समजून घ्या.

तिसऱ्या वर्षी फायनलला पोचलो. मुरबाडलाच होती, समोर कल्याणकडचा संघ. मानसं झाडावर चढून बसलेली. अर्ध्या वेळेपर्यंत आमी पुढं, यशवंतानं त्यांचा उजवा कोपरा लाथेनं फोडून काढला. मग त्यांच्या त्या कोपऱ्यातल्याचा खांदा निखळला आन् बाहेर बसलेला पोरगा आत आला. यशवंत त्याच्याकडं बघून थांबला. पुढं गेला आन् सगळ्यांसमोर वाकून त्याच्या पाया पडला. लोक हसले. मी नाय हसलो.

तो कैलास, यशवंताच्या त्याच थोरल्या बहिनीचा मुलगा. मामा चोवीसचा, भाचा एकोनीसचा, आमच्यात असं असतं. त्या संघात हाय हे म्हाईत होतं, पन तो बसलेलाच असायचा. आता तुमी शहरातले, म्हनून सांगतो. आमच्यात भाचा मानाचा. वयानं लहान असला तरी मामानं त्याच्या पाया पडायचं. चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करायचा. लग्नात भाच्याला उचलून आनतात, खाली पाय टेकू देत नाय. आन् इतं मी दोन वर्षं ह्याला काय शिकवलं, तर कोपऱ्यात उभा असंल त्याला लाथ घाल.

मग मी त्याला दुसऱ्या बाजूनं पाठवायला लागलो. पन समोरचे काय येडे नाय, त्यांनी पन वळखलं. कैलासला पुढं काढला, बाकीचे मागं. गुन सारखे झाले. शेवटची चढाई, आमची, आन् ती रिकामी आनायची नाय अशी, आनली तर चढाईवालाच बाद. यशवंत सोडून पाठवायला कोन? दुसरा चढाईवाला बाद होऊन बाहेर बसलेला. मी त्याला जवळ घेतला, म्हनलो यशा, कैलास उघडा हाय, एक लाथ, संघ वाचतो. तो हो म्हनला. पन नजर खाली.

गेला. कैलासचा पाय पुढं, असा समोर, आंधळ्यानं मारली तरी लागली असती. यशवंताचा पाय उठला. मी बघितला उठलेला. आन् खाली ठेवला त्यानं. वाकून हात लांब केला. हात पोचेपर्यंत कैलासनं घोटा धरला, वरून दोघं पडले, खेळ संपला. एका गुनानं गेलो.

भाचा मामाला उठवीत होता, म्हनत होता, मामा, मारायची ना रे लाथ, मी काय देव हाय का. यशवंत तोंडावरची माती पुसत म्हनला, तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. मला वाटलं संघ बंद. पन ते म्हनले, भाऊ, पोरांनी फायनल गाठली, मला दिसतं ते, अजून एक वर्ष देतो, पन तो यशवंत नको. उद्या परत तो भाचा समोर आला तर? मी पगार खेळायचा देतो. मी म्हनलो साहेब, संघ कुठून कुठं आला तो ह्याच्या पायावर आला. ते म्हनले, आन् त्याच पायावर गेला. त्यांचं पन खोटं नव्हतं, हीच पंचाईत. बाकी अकरा पोरांची कामं एका बाजूला, हा एका बाजूला.

मी यशवंताला मैदानात गाठलं. म्हनलो, साहेबांना सांग पुढच्या वेळी मारीन, नुसतं सांग. तो म्हनला भाऊ, बाकी सहा जनांना डोळे झाकून मारीन, त्याला नाय. खोटं बोलला असता तर सगळं सुटलं असतं. मला राग आला त्याचा, खरं सांगतो, कानाखाली द्यावीशी वाटली. आन् त्याच वेळी छाती पन भरून आली, आता ह्याला काय म्हनायचं.

मग आठवड्याभरात कल्याणच्या त्या संघाच्या कोचचा फोन. म्हनला दत्तूभाऊ, तुमचा मुलगा आमाला द्या, एकाच संघात मामा-भाचे, म्हंजे प्रश्नच मिटला. बोलता बोलता हसला. मी नाय हसलो. पन द्यावाच लागनार होता. यशवंत जाईना, म्हनला तुमी घडवलं, तुमच्या समोरून खेळू कसा. मी शिवी हासडली, म्हनलो नीघ, तुझ्यासाठी अकरा जनांना घरी बसवू काय. रडला. गेला.

आता साहेब परत विचारतात, भाऊ, काय प्रगती? काय सांगू. मला तर उलटंच कळलंय, दुसरे तुमची पोरं मागाय लागले की समजायचं संघ उभा राह्यला, आन् त्याच दिवशी तो परत बसतो. यंदा तीन नवीन पोरं आनलीत, हरतायत, पन दुसऱ्या दिवशी येतात. पेढे काय आनले नाय अजून.

येत्या रविवारी कल्याणच्या त्या संघाशीच सामना हाय. ह्या वेळी हरलो तर पुढचं वर्ष मिळनार नाय, साहेबांनी सांगितलंय. काल यशवंताचा फोन आला. मी म्हनलो काय रे, कोपऱ्याची काळजी वाटती काय. तो म्हनला भाऊ, तुमच्या पोरांना लाथ मारू का नको, तुमी सांगा. कोपऱ्यात यंदा आमचा बाळू हाय, नवीन, पाय पुढं टाकायची खोड हाय त्याला, मोडत नाय. मी यशवंताला म्हनलो, मार. बिनधास्त मार. आमच्यात तुझा भाचा कोनी नाय.