नाव सांगितलं की गुण जातो

हसू नका रे, झाडपाल्याचं औषध देणाऱ्यांना मी पण हसायचो. खानापूरकडं औषध देणारे एक आप्पा आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये वाळका गड्डा घेऊन आलते. म्हणाले, "तपासून दे. नाव मात्र विचारू नगंस. नाव सांगितलं की गुण जातोय."

मी पातळ काप काढून मायक्रोस्कोपखाली बघितला. संशय आला म्हणून आम्लाचा थेंब टाकला, तर थेंब पिवळाजर्द! ही विषाची खूण.

"आप्पा, ही कळलावी. विष हाय. कुणाला दिली तर न्हाईसा?"

"बायकोला. सोमवारी माती केली तिची."

"दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं न्हाय, काय दिलंय म्हणून?"

"तीनदा विचारलं की रं."

"मग?"

आप्पा गड्ड्याकडं बघत म्हणाले, "गुण जाईल म्हणून न्हाय सांगितलं."