रजई जिथे, धान्य तिथे

नाही नाही, रजईला मी नावं ठेवत नाही! रजई चांगली होती. तुम्हाला सांगतो, आत नवा कापूस, वर छिटाचं कापड, लाल फुलं, टाके असे जवळजवळ की करंगळी शिरायची नाही... तक्रार रजईवर नाहीच. तक्रार करायची तरी कुणावर? सगळी माणसं चांगली, हीच तर पंचाईत! एखादा हरामखोर निघाला असता तर त्याची गचांडी धरून मी मोकळा झालो असतो.

आमचा दादा, संभाजीराव. आजोबा शिंद्यांच्या फौजेत घोड्यावर, वडील फौजेत पायी, आणि दादा गिरणीत. असे आम्ही हळूहळू खाली उतरत आलो. मी तर शाळेतूनसुद्धा लवकर उतरलो. दादा कापूस पिंजायच्या खात्यात. नाकात कापूस, भुवयांवर कापूस, घरी आला की वहिनी म्हणायची, "आधी अंगणात झटका, मग आत या." आणि पांघरायला काय? दोन जुनी धोतरं, एकाला एक शिवून! छातीत कापूस भरला तसा दादानं अंथरूण धरलं, आणि आपल्या ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे...

म्हणून वहिनीनं दीनसहाय मंडळाकडे शब्द टाकला. माधवगंजातली भली माणसं. गरजूला रजई आणि दर महिन्याला धान्य. चिटणीस दिनकरराव वकील. पण मागच्या हिवाळ्यात काही लोकांनी रजया पडावावरच्या बाजारात नेऊन विकल्या, ते दिनकररावांच्या फार जिव्हारी लागलं. नियमच केला. "गोविंदा, रजई सभासदानं आपल्या हातानं गरजूच्या अंगावर घालायची. आणि धान्याची गाडी जाईल ती रजई कुणाच्या अंगावर दिसेल तिथेच. रजई जिथे, धान्य तिथे! लोकांनी विश्वासानं दिलेलं आहे, जाब मला द्यायचाय." बरोबर आहे की नाही? मलासुद्धा बरोबरच वाटलं!

मग गरज खरी आहे का, हे बघायला नको? आल्या शांताताई. शाळेत शिकवतात, फार मायाळू. दादाच्या पायांना हात लावला. "गार आहेत हो." गेल्या. मग दुसरे सभासद आले, कारण एकाच्या शब्दावर मंडळ चालत नाही. हात लावला. "गार आहेत." गेले. मग दोघांचं जुळतंय का, हे बघायला दिनकरराव स्वतः! दादा म्हणाला, "वकीलसाहेब, पाय दाराबाहेर काढून ठेवू का? येणाऱ्या-जाणाऱ्याला बरं पडेल." दादा असाच होता. आपण हसलो की खोकायचं विसरायचा...

असो.

रजई आली. सांगितलं ना, चांगली होती. दिनकरराव आणि शांताताई ती घेऊन दारात आले, तेव्हा अंगणात आम्ही तिरडी बांधत होतो.

दिनकरराव म्हणाले, "संभाजीराव?" मी दादाकडे बोट दाखवलं. तुम्हाला सांगतो, त्या माणसाचा चेहरा असा उतरला... पण नियम! डोळे पुसत पुढे आले, रजईची घडी मोडली, दादाच्या अंगावर घातली, पायाशी नीट खोचली. शांताताई म्हणाल्या, "अहो, आता..." तर म्हणाले, "ताई, त्यांच्यासाठी मंजूर झालीय. दुसऱ्या कुणाच्या अंगावर कशी घालू?" आता ह्याला उत्तर काय? आहे तुमच्याकडे?

आणि तिरडीवर घातलेलं घरी परत येतं का? चितेवर ठेवायच्या आधी वरची कापडं उतरवतात, ती घाटाच्या राखणदाराची. तो लखन. त्यानं रजई दाबून बघितली. "भैया, माल अच्छा है." म्हटलं, "हां. रजई अच्छी है." दुसरं काय म्हणणार?

पुढे धान्याची गाडी आली, बरोबर दिनकरराव आणि शांताताई. दिनकरराव म्हणाले, "रजई?"

"दादाबरोबर गेली."

"जाळलीत?"

"नाही. लखन पांघरतो."

दिनकरराव ओट्यावर बसूनच राहिले. पोती गाडीत, आणि वहिनीच्या डब्यांचे तळ दिसायला लागलेले! मी म्हटलं, "साहेब, पोती उतरवा, नाहीतर मी उतरवतो!" माझं डोकं लगेच फिरतं. तर त्यांनी हात जोडले हो! "गोविंदा, तुझ्यासाठी नियम मोडला की उद्या पुन्हा रजया पडावावर. चल, आधी रजई बघू."

निघालो. पुढे मी, मागे दिनकरराव, शांताताई, आणि त्यांच्या मागे धान्याची गाडी. रस्त्यातले लोक हात जोडून बाजूला होत होते. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठं गेलं.

लखन रजईत, नाक तेवढं बाहेर. शांताताईंनी सवयीनं पाय चाचपले. "गरम आहेत." मी म्हटलं, "लखन, रजई वापस दे दो." त्यानं लगेच काढून पुढे केली. "ले जाओ भैया. पर मुर्दे पे पड़ी चीज़... भौजी ओढ़ेंगी?" मी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. त्या लाल फुलांखाली मी दादाला शेवटचा बघितला होता. नाही घेववली.

दिनकरराव नदीकडे बघत उभे राहिले. मग गाडीवाल्याला म्हणाले, "पोती इथेच उतरव. रजई जिथे, धान्य तिथे." आणि हळूच मला, "इथून पुढे ते कोण कुठे नेतं, हे बघायचा नियम नाही."

पोती घरी आणली, तर वहिनी पोत्यांकडे बघत बसली. "भावजी, मसणातनं आणलंत?" सगळं सांगितलं. मग म्हणाली, "महिन्याचं धान्य तुमचे दादाच आणायचे. अजून त्यांच्याकडूनच येतंय ना? मग दळते. आणि त्या लखनला त्याचा वाटा देत जा."

तर आता दर महिन्याला मी दादाकडे जाऊन धान्य आणतो. परवा गेलो, वैशाखातलं ऊन, लू अशी की कावळेसुद्धा गप्प, आणि लखन गळ्यापर्यंत रजईत! का, तर शांताताई बघायला यायच्या होत्या, रजई अंगावर दिसायला पाहिजे. घामानं निथळत विचारतो, "भैया, ठंड कब आएगी?"

म्हटलं, येईल बाबा. आमच्याकडे थंडी कधी चुकत नाही. रजई उशिरा येते... पण चांगली येते!