अंगावरची ओढणी

घाटनांदूरच्या स्टँडवर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक अंबाजोगाईला होस्टेलवर राहायला निघाली होती.

“माय, करमंल का गं मला तिथं?”

“सुरवातीला लई रडू येतंय. मंग खोलीतल्या पोरीच बहिणी होत्यात.”

“तू कधी गेलतीस होस्टेलात?”

“ऊसतोडीला गेलते की. परक्या बायांशेजारी पाचटाची कोपी घालून ऱ्हायलेच ना?”

“अन् मी घरी आजीपाशी. तू जाताना तुझं पातळ ठेवून जायचीस. ते उशाला घेतल्याबिगर झोप येत नव्हती मला.”

“अन् आजीला धुऊ देत नव्हतीस.”

“धुतल्यावर तुझा वास जायचा त्याचा.”

“एसटी आली बघ, करिष्मे. तेवढी अंगावरची ओढणी दे मला.”

“कावून? मळलीय ती.”

“मळलेलीच दे.”