मागच्या आवाजाचे मार्क

आकांक्षा संगीताच्या तोंडी परीक्षेत पास झाली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण जालन्याच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी बसलेल्या तिच्या वडिलांना, ती समोर उभी असूनही, ते अजून माहीत नव्हतं.

"माय, मी तुझी परीक्षा बुडवली."

"अप्पा, ऐका तर."

"तू आत गाऊन राह्यली आन् मी दाराबाहेरून मागं सूर धरला. भजनाची सवय! शब्द कळंना, तर नुसतं आ-आ केलं."

"तेबी माझी ओळ संपायच्या आधीच."

"त्याच्यासाठीच तर बुवा ओरडतेत मला. गावात जमत न्हाई, हितं तर इटलीचं गाणं!"

"सरांनी काच्चा गायला सांगितल्ता. जुन्या इटलीतलं शिकारीचं गाणं. एक आवाज पुढं पळतो, दुसरा त्याची ओळ संपायच्या आत तीच चाल घेऊन मागं लागतो."

"मंग?"

"दुसरा आवाज कुठून आणू म्हणून मी घाबरल्ते. सर म्हणले, साथीदार बाहेर का उभा केला?"

"म्हंजे पास?"

"बिलकुल पास!"

"हुश्श! आता अर्ज लिही. माननीय परीक्षा नियंत्रक साहेब, मागचा आवाज माझा असल्यामुळे सदर विषयाचे निम्मे मार्क माझ्या नावावर करावेत, ही नम्र विनंती."